पावती एकदाच, प्रयत्न हवे तितके

पत्र:

ताई, नमस्कार. मी बी.सी.एस. करून दोन वर्षं एका लहान कंपनीत जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत काम करते. आमचं सॉफ्टवेअर गावोगावच्या दूध संस्थांमध्ये चालतं. शेतकऱ्यानं दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मशीनवरून येतात, पावती छापली जाते, आणि तीच नोंद आमच्या सर्व्हरला जाते. अशी ३०० केंद्रं आहेत. गावात नेटचा भरवसा नसतो म्हणून मी 'वेटयुटिल' नावाचा एक क्लास (कोडचा एक संच) लिहिला. त्यात तीन मेथड (एकेक काम करणारे कोडचे तुकडे) आहेत. 'थांब' दिलेले सेकंद थांबते. 'पुन्हाकर' दिलेलं काम फसलं तर ५ सेकंद थांबून परत करते, यश येईपर्यंत. 'होईपर्यंतथांब' एखादी अट खरी होण्याची वाट बघते. टीममध्ये सगळ्यांना क्लास आवडला आणि सगळीकडे वापरला गेला.

गेल्या महिन्यात सकाळी पावणेसातला आमचा सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला. परत चालू केला, पण उठेचना, सारखा अडकत होता. शेवटी आठ वाजता संकलन संपून केंद्रांनी संगणक बंद केले, तेव्हा तो आपोआप ठीक झाला. दुपारी कळलं की बऱ्याच सभासदांच्या पावत्या दोन-दोनदा चढल्यात. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, हा क्लास काढून टाक, जिथे चूक होईल तिथे सरळ एरर दाखवायचा, माणूस बघून घेईल. गोंधळ माझ्या क्लासमुळे झाला हे मला मान्य आहे. पण नेट गेलं की संस्थेच्या सचिवांनी दर वेळी बटण दाबत बसायचं का? थांबून पुन्हा प्रयत्न करणंच चूक, की मी लिहिलं ते चूक?
– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अगं-तुगं करते.

क्लासबद्दल बोलूच, पण त्याआधी एक काम आहे आणि ते आजच कर. तुझ्या पत्रात दुबार पावत्यांचा उल्लेख आहे. न पोचलेल्या पावत्यांचा नाही. आठ वाजता केंद्रांनी संगणक बंद केले तेव्हा सर्व्हर ठीक झाला, असं तू लिहितेस. त्या क्षणी 'पुन्हाकर' मध्ये अडकून राहिलेल्या पावत्या कुठे होत्या? मेमरीत. संगणक बंद झाला तसा प्रोग्रॅम गेला आणि त्याच्याबरोबर त्या पावत्या पाठवायचं कामही गेलं. शेतकऱ्याच्या हातात कागद आहे, केंद्राच्या स्थानिक डेटाबेसमध्ये नोंद असेल, पण सर्व्हरवर ती कधी पोचलीच नाही. दुबार पावती निदान यादीत डोळ्यांना दिसते. गळलेली पावती दिसत नाही, आणि दहा दिवसांचं बिल निघालं की त्या माणसाचे सहा-सात लिटरचे पैसे बुडतात. तेव्हा त्या सकाळची प्रत्येक केंद्राची स्थानिक नोंद आणि सर्व्हरची नोंद समोरासमोर लावा. जास्तीच्या काढा, कमी असलेल्या भरा. बिल आधीच निघालं असेल तर फरक पुढच्या बिलात घालायला संस्थांना कळवा. सरांना हे तू स्वतः जाऊन सांग. माझ्या मते तुमच्या टीममध्ये सगळ्यात निकडीची गोष्ट हीच आहे.

आता पावती दोनदा कशी चढली ते बघू. तुझी मेथड धरून चालते की उत्तर आलं नाही म्हणजे काम झालं नाही. नेटवर्कवर हे गृहीतक टिकत नाही. त्या सकाळी असं झालं असणार: केंद्रावरून पावती निघाली, सर्व्हरला पोचली, टेबलात ओळ लिहिली गेली, कमिट झालं (नोंद पक्की झाली), आणि 'मिळाली' हे उत्तर परत येताना इतका उशीर झाला की केंद्राच्या बाजूला टाइमआउट लागला, म्हणजे वाट बघायची मुदत संपली. केंद्राच्या दृष्टीनं काम फसलं, सर्व्हरच्या दृष्टीनं ते झालं होतं. पाच सेकंदांनी पावती परत गेली, सर्व्हरनं नवी समजून परत लिहिली. इथे दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नव्हतं. टाइमआउटचा अर्थ एवढाच की काय झालं ते मला माहीत नाही, आणि तू तो 'झालं नाही' असा वाचलास.

यावर थांबण्याचे सेकंद कितीही बदललेस तरी उपाय होणार नाही. उपाय पावतीतच करावा लागतो. प्रत्येक पावतीला केंद्रावरच, माप घेतल्या क्षणी, एक स्वतंत्र ओळख क्रमांक दे. जावात त्यासाठी यूयूआयडी (सहसा दुबार न होणारा लांबलचक क्रमांक) तयार आहे. तो क्रमांक पावतीबरोबर स्थानिक डेटाबेसमध्ये लिहून ठेव, पाठवताना बरोबर पाठव, आणि सर्व्हरच्या टेबलात त्या रकान्यावर युनिक इंडेक्स लाव, म्हणजे तोच क्रमांक तिथे दोनदा लिहिला जाणार नाही. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरनं एरर द्यायचा नाही. 'मिळाली' हेच उत्तर पुन्हा द्यायचं, कारण पाठवणाऱ्याला तेवढंच हवं आहे. असं काम एकदा केलं काय आणि दहादा केलं काय, परिणाम एकच. याला आयडेम्पोटंट म्हणतात. एचटीटीपीच्या (वेबवर विनंत्या पाठवायच्या) नियमात गेट, पुट आणि डिलीट या मेथड, म्हणजे विनंतीचे प्रकार, तशा असायला हव्यात असं आहे. पोस्ट या चौथ्या प्रकाराबद्दल तसं कोणतंही वचन नाही, आणि तुमची पावती त्याच प्रकारानं जात असणार.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. एक म्हणजे यूयूआयडी 'पुन्हाकर' ला दिलेल्या कामाच्या आत बनवणं. मग प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि युनिक इंडेक्स असून नसल्यासारखा होतो. कोड दिसायला अगदी बरोबर दिसतो, त्यामुळे रिव्ह्यूमध्येही सुटतो. दुसरं म्हणजे, वेगळा क्रमांक कशाला, सभासद क्रमांक, तारीख आणि सकाळ-संध्याकाळ मिळून किल्ली करू, असा विचार. तुमच्या धंद्यात हे चालणार नाही. एकच सभासद सकाळी गाईचं आणि म्हशीचं दूध वेगवेगळं घालतो. कोणी एक कॅन आधी आणतो, उरलेलं मुलाबरोबर नंतर पाठवतो. त्या किल्लीनं त्याची दुसरी, खरी पावती दुबार म्हणून टाकून दिली जाईल, तीही गुपचूप.

एवढं झालं की पुन्हा पाठवण्यातली भीती गेली. मग सर्व्हर का उठला नाही या प्रश्नाकडे शांतपणे बघता येतं. कागद घे, आपण हिशोब मांडू. केंद्रावर साधारण अर्ध्या मिनिटाला एक सभासद येतो असं धर. ३०० केंद्रं म्हणजे सर्व्हरवर एरवी सेकंदाला १० विनंत्या. आता दहा मिनिटं सर्व्हर बंद. प्रत्येक केंद्रावर २० पावत्या अडकल्या आणि प्रत्येक पावतीचा आपापला 'पुन्हाकर' फिरतो आहे. ३०० गुणिले २० म्हणजे ६,००० कामं, प्रत्येकाचा दर ५ सेकंदांनी एक प्रयत्न. सेकंदाला १,२०० विनंत्या. रोजच्या भाराच्या १२० पट. बिचारा सर्व्हर डोळे उघडतो न उघडतो तोच हे अंगावर येतं. तो हळू होतो, हळू झाला म्हणून केंद्रांवर टाइमआउट लागतात, टाइमआउट लागले म्हणून परत विनंत्या जातात. सर्व्हर मात्र ज्या विनंतीचा मालक केव्हाच निघून गेला तिच्यावरच राबत बसतो. त्यात नव्या पावत्यांची भर पडतेच आहे. दहा मिनिटांचा मूळ बिघाड केव्हाच संपला होता. पुढचा तासभर सर्व्हरला तुमच्याच केंद्रांनी खाली दाबून धरलं होतं, आणि संगणक बंद झाल्याबरोबर तो उठला याचं कारण हेच.

'सगळीकडे वापरला गेला' या तुझ्या वाक्यानंही मी जरा धास्तावले. वरच्या थरात 'पुन्हाकर', त्यानं बोलावलेल्या मेथडमध्ये 'पुन्हाकर', आणि तिच्या खाली डेटाबेसच्या थरातही 'पुन्हाकर', असं कुठे झालंय का ते शोध. प्रत्येक थरानं फक्त चार प्रयत्न केले तरी तीन थरांत ते ४ गुणिले ४ गुणिले ४, म्हणजे ६४ होतात. प्रत्येकानं आपापल्या जागी माफक विचार केलेला असतो आणि तळाच्या डेटाबेसवर चौसष्ट घाव पडतात. पुन्हा प्रयत्न एकाच थरात असावा. तुमच्या बाबतीत तो केंद्रावरच्या पाठवणाऱ्या भागात. बाकी थरांनी चूक झाली की ती निमूटपणे वर सांगावी.

ही अडचण तुझ्या-माझ्या जन्माआधीपासूनची आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी बेटाबेटांवरचे संगणक एकाच रेडिओ वाहिनीवर जोडले. दोघांनी एकदम पाठवलं की दोघांचं वाया जायचं, आणि दोघं सारखाच वेळ थांबून परत पाठवायला लागले तर परत टक्कर. म्हणून प्रत्येकानं थांबायचा वेळ चिठ्ठी काढल्यासारखा यादृच्छिक घ्यायचा, असं ठरलं. पुढे इथरनेटमध्ये त्यात दुपटीची भर पडली: टक्कर झाली की थांबण्याची कमाल मर्यादा दुप्पट करायची आणि त्या मर्यादेच्या आत कुठलाही आकडा निवडायचा. दहाव्या टकरीनंतर दुप्पट करणं थांबतं, निवड ० ते १०२३ मधून होते, आणि सोळा प्रयत्न फसले की हार्डवेअर हात टेकून वरच्या थराला कळवतं. दुप्पट, त्यावर मर्यादा, त्यात यादृच्छिकता, आणि शेवटी कुठेतरी थांबणं. चारही गोष्टी तेव्हाच जमून आल्या होत्या.

ऑक्टोबर १९८६ मध्ये काय झालं तेही तुला माहीत असावं. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांत जेमतेम ४०० यार्डांचं अंतर. त्यांच्यातल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. कुठली तार तुटली नव्हती. संगणक एकमेकांना माहितीची जी पाकिटं फक्त उशिरा पोचत होती तीच हरवली समजून परत परत पाठवत होते, आणि रस्ता त्याच पाकिटांनी भरला होता. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर काम करून १९८८ मध्ये उपाय मांडले, आणि आजही तुझ्या फोनमधलं टीसीपी (नेटवर पाकिटं नीट पोचवणारा भाग) त्याच विचारानं मागे सरतं. त्या सकाळी तुमच्या सर्व्हरवर जे झालं ते याच जातीचं होतं. त्यामुळे 'मी मूर्खासारखं काहीतरी लिहिलं' असं मनात घेऊ नकोस. ज्यांनी इंटरनेट बांधलं त्यांनाही हे आधी भोगूनच कळलं.

आता तुझ्यासाठी याचा अर्थ काय ते सांगते. सगळ्यात आधी, पावतीगणिक 'पुन्हाकर' बंद. केंद्रावर एकच पाठवणारा ठेव. पावती छापली की ती स्थानिक डेटाबेसमधल्या 'पाठवायच्या' टेबलात पडते, तिथे छापणाऱ्या भागाचं काम संपलं. पाठवणारा मागून येऊन सगळ्यात जुन्या पन्नास पावत्या उचलतो, एका विनंतीत पाठवतो, सर्व्हरचं 'मिळाली' आलं की त्यांच्यावर खूण करतो. लाइट गेली, संगणक बंद झाला, सचिव घरी गेले, तरी टेबल डिस्कवर आहे. संध्याकाळी संगणक चालू झाला की पाठवणारा राहिलेल्या जागेवरून पुढे जातो. ई-मेलचे सर्व्हर कित्येक वर्षं असंच करत आले आहेत. पत्र पोचलं नाही तर ते रांगेत डिस्कवर ठेवायचं, निदान अर्ध्या तासानं परत बघायचं, आणि चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडायचा नाही, असं त्यांच्या नियमावलीतच लिहिलेलं आहे.

फसल्यावर किती थांबायचं? पाच सेकंद हा आकडा तू कुठून आणलास? मला वाटतं, टेस्ट करताना तुला स्वतःला जेवढं थांबवलं तेवढा. हा आकडा कामाकडून यायला हवा. पावती सर्व्हरवर पंधरा मिनिटं उशिरा गेली तर कोणाचं काही अडतं का? माझ्या समजुतीप्रमाणे नाही, कागद तर शेतकऱ्याच्या हातात आहे. संघाला आकडे किती वाजेपर्यंत लागतात ते सचिवांना फोन करून विचार. तोपर्यंत कमाल मर्यादा ५ मिनिटं धरू. पहिल्या फसण्यानंतर मर्यादा १ सेकंद, मग २, ४, ८, अशी दुप्पट होत ३०० सेकंदांवर थांबते, आणि दर वेळी प्रत्यक्ष थांबायचं ते शून्यापासून त्या मर्यादेपर्यंतच्या कुठल्याही यादृच्छिक आकड्याइतकं. याला फुल जिटर म्हणतात. ॲमेझॉनच्या मार्क ब्रूकर यांनी २०१५ मध्ये सिम्युलेशन करून दाखवलं होतं की नुसतं दुप्पट करत गेलं तर सगळे जण एकाच वेळी थांबतात आणि एकाच वेळी धडकतात. खरा फरक जिटरनं पडतो. आपला हिशोब परत मांड: ३०० केंद्रं, प्रत्येकी एक पाठवणारा, सरासरी थांबणं १५० सेकंद. सर्व्हर बराच वेळ बंद राहिला तरी सेकंदाला २ विनंत्या. आधी १,२०० होत्या.

हे लिहिताना एक बारीक खड्डा आहे, तो जवळून दाखवते. बहुतेक जण मर्यादा अशी काढतात: एक हजार मिलिसेकंद घ्यायचे, प्रयत्नाच्या आकड्याइतक्या वेळा दुप्पट करायचे, आणि आलेला आकडा व ३,००,००० यातला लहान तो घ्यायचा. सगळं इंटमध्ये, म्हणजे जावाच्या ठरावीक मापाच्या पूर्णांकात. एकवीस वेळा दुप्पट होईपर्यंत आकडा २,०९,७१,५२,००० होतो आणि इंटमध्ये कसाबसा मावतो. बाविसाव्या वेळी मावत नाही, उलटून −१०,०६,६३,२९६ होतो. आता 'लहान तो घे' म्हटल्यावर लहान कोण? तो ऋण आकडा. थ्रेड.स्लीपला (जावातली थांबायची मेथड) ऋण आकडा दिला की इलिगल आर्ग्युमेंट एक्सेप्शन (जावाचा 'चूक झाली' असा इशारा) येतं आणि पाठवणारा थ्रेड (प्रोग्रॅममधला काम करणारा धागा) मरतो. तुझ्या टेबलावर हे कधीच दिसणार नाही, कारण तू नेट बंद करून दोन मिनिटं बघशील आणि खूश होशील. मर्यादा ५ मिनिटं आणि फुल जिटर धरलं तर बाविसाव्या दुपटीपर्यंत पोचायला साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. म्हणजे ज्या दिवशी गावात नेट खरंच तासभर जाईल नेमक्या त्या दिवशी तुझा क्लास बंद पडेल. दुप्पट करण्याआधीच प्रयत्नाचा आकडा नऊ-दहावर अडव, आणि हिशोब लाँगमध्ये (इंटपेक्षा मोठ्या पूर्णांकात) कर.

कुठल्या चुकीवर परत पाठवायचं याचा विचार तुझ्या 'पुन्हाकर' मध्ये दिसत नाही. 'काम फसलं तर' म्हणजे बहुधा तू सरसकट एक्सेप्शन पकडतेस. मग कोडमधली नल पॉइंटरसारखी चूकसुद्धा परत परत प्रयत्न करून बरी होईल अशी आशा ठेवली जाते. जोडणी झाली नाही, टाइमआउट लागला, सर्व्हरनं ५०३ ('सध्या जमत नाही') दिलं, ४२९ ('फार विनंत्या येतायत') दिलं, तर थांबून परत जा. शेवटच्या दोघांबरोबर सर्व्हर 'रीट्राय-आफ्टर' हा हेडरही पाठवू शकतो, म्हणजे किती वेळानं यायचं ते त्यानंच सांगितलेलं असतं. तो असला तर आपला हिशोब बाजूला ठेवून त्याचं ऐकायचं. पण ४०० आलं, म्हणजे पावतीच बिघडलेली आहे, फॅटच्या जागी अक्षरं आली आहेत असं समज, तर ती उद्या पाठव की परवा पाठव, उत्तर तेच येणार. आणि रांगेत ती सगळ्यात जुनी असल्यामुळे तिच्या मागे केंद्राच्या सगळ्या पावत्या तुंबतील. असं उत्तर आलं की पन्नासांतली बिघडलेली कोणती ते शोध, ती वेगळ्या टेबलात काढून ठेव, रांग पुढे जाऊ दे, आणि सचिवांना पडद्यावर ठळक दाखव. इथे तुझे सर अगदी बरोबर आहेत: माणसानं बघायची चूक माणसाला दिसलीच पाहिजे. नेट गेलंय ही मात्र माणसानं बटण दाबून सोडवायची चूक नाही. तेव्हा क्लास काढून टाकायच्या त्यांच्या हुकमाशी मी सहमत नाही.

'थांब' ही तुझी सगळ्यात छोटी मेथड. तिच्यात इंटरप्टेड एक्सेप्शन पकडून कॅचचा कंस रिकामा ठेवला आहेस का, ते बघ. जावा तो पकडायला किंवा वर सोडतोय असं जाहीर करायला भाग पाडते, म्हणून बरेच जण तसंच करतात. पण ते एक्सेप्शन म्हणजे कोणीतरी थ्रेडला सांगतंय की आता पुरे, आवरायचं आहे. एक्सेप्शन फेकताना इंटरप्टची खूण पुसली जाते, आणि कॅच रिकामा असला की निरोप तिथेच गडप होतो. सचिव 'बंद करा' दाबतात, खिडकी जाते, प्रोग्रॅम मागे फिरत राहतो, दुसऱ्यांदा उघडला की दोन पाठवणारे. कंटाळून माणूस मुख्य बटणच बंद करतो. कॅचमध्ये चालू थ्रेडची इंटरप्टची खूण परत लाव आणि लूपमधून बाहेर पड. दोन ओळींचं काम आहे. डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून किंवा लॉक हातात धरून 'थांब' बोलावलं गेलंय का हेही शोध. आपण झोपलेलो असताना बाकीचे दाराशी उभे राहतात.

'होईपर्यंतथांब' ला मुदत आहे का, हे तू लिहिलं नाहीस. नसेल तर दे. मुदत मोजताना भिंतीवरचं घड्याळ वापरू नकोस. जावात करंट टाइम मिलिस म्हणजे भिंतीवरचं घड्याळ, नॅनो टाइम म्हणजे स्टॉपवॉच. केंद्रावरचे संगणक जुने असतात, मदरबोर्डवरचा बटन सेल गेलेला असतो, चालू केला की तारीख कित्येक वर्षं मागे. दोन मिनिटांनी नेट येतं, विंडोज वेळ दुरुस्त करतं, आणि ३० सेकंदांची मुदत एका क्षणात संपते. घड्याळ पुढे असून मागे आलं तर उलटं: मेथड तितका काळ बसून राहते. नॅनो टाइमच्या दोन वाचनांतला फरक घेतला की हे दोन्ही टळतं. (आणि तसं घड्याळ असलेल्या केंद्रावर पावतीची तारीख काय छापली जाते तेही बघून घे. चुकीची तारीख म्हणजे चुकीचं बिल.)

पाठवणारा ठरावीक वेळानं चालवायला तू शेड्यूल्ड एक्झिक्युटर वापरशील. जावामध्ये तो २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे आणि चांगला आहे. पण त्याच्या ज्या स्वभावानं मला एकदा रडवलं तो तुला सांगते. शेड्यूल ॲट फिक्स्ड रेटनं लावलेल्या कामातून एकदा जरी एक्सेप्शन बाहेर पडलं, तरी पुढच्या सगळ्या फेऱ्या रद्द होतात. लॉग नाही, पडद्यावर काही नाही. मी एका कंपनीत असताना आमचं स्मरणाचे एसएमएस पाठवणारं काम एका रिकाम्या मोबाइल नंबरवर असं पडलं आणि तीन दिवस कोणाला पत्ता नव्हता. सर्व्हर हिरवा, सीपीयू निवांत. एका ग्राहकाचा फोन आला तेव्हा कळलं. तेव्हापासून मी असं काम लिहिताना त्याच्या सगळ्यात बाहेरच्या थराला ट्राय-कॅच घालते आणि आत लॉग करते, मग आतला कोड कितीही साधा असो. तुझ्या बाबतीत थांबण्याचा वेळ दर खेपेला बदलणार आहे, तेव्हा फिक्स्ड रेट नकोच. प्रत्येक फेरी संपताना पुढची फेरी एकदाच शेड्यूल कर, आणि ती ओळ फायनलीमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या भागात) ठेव. पडद्याच्या कोपऱ्यात 'न पाठवलेल्या पावत्या: ३७, शेवटची गेली ७:१२ ला' एवढं दिसू दे. सचिवांना ते एररच्या खिडकीपेक्षा जास्त कळतं.

आता स्वतःचा क्लास ठेवायचा की लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, आणायची? रेझिलियन्स४जे आहे, स्प्रिंग (जावाची एक तयार चौकट) वापरत असाल तर स्प्रिंग रीट्राय आहे. दोन्ही चांगल्या, हजारोंनी घासून घेतलेल्या. वर सांगितलेला इंटचा खड्डा तुला भरावा लागणार नाही, एवढ्यासाठीही आणाव्यात. पण आणल्या आणि तशाच लावल्या असं करू नकोस. स्प्रिंग रीट्राय काही न सांगता तीन प्रयत्न करतं आणि मध्ये एक सेकंद थांबतं, रेझिलियन्स४जे तीन प्रयत्न आणि अर्धा सेकंद. गावातलं नेट एका सेकंदात येत नाही. दुप्पट, मर्यादा, जिटर, कोणत्या चुकीवर थांबायचं, हे सगळं तुलाच लिहून द्यावं लागेल. आणि डिस्कवरची रांग व पावतीचा क्रमांक या दोन गोष्टी कुठलीच लायब्ररी तुझ्यासाठी करणार नाही. 'वेटयुटिल' हे नाव राहू दे, आत लायब्ररी घाल, म्हणजे टीमचा बाकी कोड हलणार नाही. टेस्टमध्ये खरोखर झोपणारा कोड नको: घड्याळ आणि झोपणं या दोन्ही गोष्टी बाहेरून देता येतील असा क्लास लिही, मग तासभराचं थांबणं टेस्टमध्ये क्षणात तपासता येईल.

सरांशी बोलायचं तर आधी दुबार आणि गळालेल्या पावत्यांची यादी घेऊन जा, क्लासचा विषय त्यानंतर. त्यांनी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं, हे मलाही वाटतं. पण त्या सकाळी ३०० संस्थांचे फोन बहुधा त्यांनीच घेतले असतील. नवा कोड झाला की त्यांना शेजारी बसव. टेस्ट सर्व्हरवर कमिट झाल्यानंतर उत्तर देण्याआधी २० सेकंद मुद्दाम थांब, केंद्राच्या संगणकावरून एक पावती पाठव, त्या २० सेकंदांत नेटची केबल काढ, संगणक बंद कर, परत चालू कर, केबल लाव. मग सर्व्हरच्या टेबलात त्या पावतीच्या किती ओळी आहेत ते सरांना स्वतः मोजू दे. आणि पुढचं दहा दिवसांचं बिल निघालं की मला कळव, सगळ्यांचे लिटर जुळले का ते.